चारशे यार्डांवरची कोंडी

‘ओएसआय मॉडेलचे सात लेयर सांगा.’ बीसीए असो, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स असो की इंजिनिअरिंग, नेटवर्किंगच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. मुलं फिजिकलपासून ॲप्लिकेशनपर्यंत घडाघड म्हणून दाखवतात आणि गुण घेऊन बाहेर पडतात. पण वाटेत एखादं पॅकेट हरवलं तर ते कुणाच्या लक्षात येतं आणि कसं, असं विचारलं की पुष्कळजण अडखळतात. या विषयाच्या पहिल्या कोर्सचा गाभा याच प्रश्नात आहे. तो शिकवायचा तर सुरुवात ऑक्टोबर १९८६ मधल्या बर्कलीपासून करावी, असं मला मनापासून वाटतं.

कॅलिफोर्नियातलं बर्कलीचं विद्यापीठ आणि तिथली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्ड. त्यांच्यामधल्या नेटवर्कवरून सेकंदाला ३२ हजार बिट जायचे. त्या महिन्यात हा वेग एकाएकी ४० बिटांवर कोसळला. चाळीस बिटांत इंग्रजीची फक्त पाच अक्षरं मावतात. कुठे तार तुटली नव्हती, कुठलं यंत्र बंद पडलं नव्हतं. प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी याचा छडा लावायचं ठरवलं.

काय घडलं ते कळण्यासाठी इंटरनेटचा एक मूळ स्वभाव माहीत हवा. त्याचा पाया असलेला आयपी हा प्रोटोकॉल कसलीच हमी देत नाही. राउटर पॅकेटवरचा पत्ता पाहतो, पुढची वाट ठरवतो आणि पॅकेट रांगेत लावतो. रांगेची जागा भरली, तर आलेलं पॅकेट सरळ टाकून देतो. हे मुद्दाम ठरवून केलेलं आहे. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये जी रचना मांडली, तिच्यात मधलं जाळं साधं ठेवलं आणि डेटा नीट पोहोचवण्याची जबाबदारी दोन टोकांच्या कॉम्प्युटरवर टाकली. ती टीसीपी हा प्रोटोकॉल पार पाडतो. पाठवलेल्या प्रत्येक बाइटला क्रमांक असतो, घेणारा ‘इथपर्यंत मिळालं’ अशी पोच देतो, आणि ठरावीक वेळात पोच आली नाही तर पाठवणारा तोच डेटा पुन्हा पाठवतो.

बर्कलीत नेमका हाच नियम अंगाशी आला. रांगा लांबल्या, पोच उशिरा येऊ लागली. पाठवणाऱ्याला वाटलं, पॅकेट हरवलं. त्याने ते पुन्हा पाठवलं. आधीच तुंबलेल्या रांगेत एकाच पॅकेटच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती येऊन बसल्या. मग राउटरने खरोखरच पॅकेटं टाकायला सुरुवात केली आणि त्यांच्यापायी आणखी प्रती निघाल्या. प्रत्येक कॉम्प्युटर नियमाने वागत होता, लाइन पूर्ण भरून वाहत होती, पण तिच्यातून जात होता तो बहुतेक आधीच पोहोचलेला माल.

जेकबसन यांनी माइक कॅरेल्स यांच्यासोबत काढलेला उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅकेट हरवलं तर वाटेत गर्दी आहे असं समजायचं आणि हात आखडता घ्यायचा, हे त्याचं सूत्र. पाठवणाऱ्याने एका पॅकेटने सुरुवात करावी. पोच आली की दोन, मग चार, असं वाढत जावं. पॅकेट हरवल्याचं दिसताच एकदम मागे यावं आणि ज्या वेगावर गाडी अडली त्याच्या निम्म्यावर पोहोचल्यानंतर प्रत्येक फेरीला एकेकच पॅकेट वाढवावं. पोचेची वाट किती वेळ पाहायची हे ठरवताना फेरीच्या सरासरी वेळेसोबत त्या वेळेतला चढउतारही धरावा. हे सगळे बदल टोकांच्या कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये झाले. राउटरला हात लावावा लागला नाही. एकमेकांना न ओळखणारी कोट्यवधी यंत्रं कुणी न सांगता स्वतःहून मागे सरतात आणि म्हणून सगळ्यांचं चालतं, हे विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी कळलं पाहिजे.

सात लेयर अर्थात काढून टाकू नयेत; नेटवर्कवाल्यांच्या बोलण्यात ‘लेयर टू’, ‘लेयर थ्री’ रोज असतं. पण ओएसआयचं मानक १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्याआधीच, १ जानेवारी १९८३ पासून, इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट टीसीपी-आयपीवर गेलं होतं. त्यामुळे सेशन आणि प्रेझेंटेशन हे लेयर इंटरनेटवर वेगळे दाखवता येत नाहीत. मुलं ते शोधत बसतात आणि आपल्यालाच समजत नाही असं धरून चालतात. कुरोज आणि रॉस यांचं नेटवर्किंगवरचं पुस्तक ब्राउझर, ईमेल अशा ओळखीच्या गोष्टींपासून खाली उतरत जातं. नवख्यांसाठी मला हीच वाट बरी वाटते.

प्रॅक्टिकलचंही तसंच. केबल क्रिम्पिंग, सबनेटिंगची गणितं हवीतच. पण त्याच तासाला मुंबईहून न्यूयॉर्कमधला एखादा सर्व्हर पिंग करावा. सरळ रेषेत अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, काचेच्या तंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्ष आकडा याहून मोठा येतो, कारण वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या केबली समुद्राच्या वाटेने वळणं घेत जातात, आणि वाटेतल्या रांगांची भर वेगळी. टीसीपीला पहिला बाइट पाठवण्याआधीच अशी एक फेरी खर्चावी लागते. प्लॅन कितीही एमबीपीएसचा घेतला तरी ती चुकत नाही. पॅकेटं टिपून दाखवणाऱ्या वायरशार्क या साधनात ती फेरी आणि पुन्हा पाठवलेली पॅकेटं उघड दिसतात.

गर्दीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. लिनक्समध्ये सध्या रूढ असलेली क्युबिक पद्धत पॅकेट हरवण्यालाच गर्दीची खूण मानते. गुगलने २०१६ मध्ये आणलेली बीबीआर वाटेचा उपलब्ध वेग आणि कमीत कमी फेरीचा वेळ मोजून आपली गती ठरवते. दोघी एकाच लाइनवर आल्या तर कुणाच्या वाट्याला किती येतं, यावर संशोधकांचं मोजमाप चालू आहे. हा प्रयोग कॉलेजच्या लॅबमध्येही होऊ शकतो: लिनक्सचे दोन-तीन कॉम्प्युटर, मध्ये एक संथ लाइन आणि आयपर्फ हे मोफत साधन पुरतं, आणि एका पद्धतीवरून दुसरीवर जायला एका ओळीची कमांड लागते.