दाराची चौकट कोणी कुरतडली?

मुलुंडच्या आमच्या घराच्या दाराला आतल्या बाजूने, जमिनीपासून साधारण दोन फूट उंचीपर्यंत, ओरखडे आहेत. चौकटीचा खालचा कोपरा तर उंदरांनी खाल्ल्यासारखा कुरतडलेला आहे. हे काम बंड्याचे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका भटक्या कुत्रीला पिले झाली, त्यांतला हा एक. २०२१ च्या फेब्रुवारीत, तो दोन महिन्यांचा असताना, मुलीच्या हट्टामुळे घरात आला.

माझा विषय रसायनशास्त्र. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास मला या चौकटीमुळे करावा लागला. जी चूक मी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना करू देत नाही, तीच मी घरी केली होती. निरीक्षण करण्याआधीच मी निष्कर्ष काढून मोकळी झाले होते.

आधी दात

बंड्याची कुरतडण्याची पहिली फेरी एप्रिल-मे महिन्यांत झाली. कोल्हापुरी चप्पल, खुर्चीचा पाय, मुलीची कंपासपेटी, जे तोंडाला लागेल ते. हे आम्ही समजून घेतले, कारण त्याचे उत्तर सोपे होते. पिलाला तीन ते सहा आठवड्यांच्या वयात दुधाचे दात येतात, ते २८ असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. (आपल्याला २० आणि ३२ हे आकडे पाठ असतात, कुत्र्याचा जबडा लांब, म्हणून दातही जास्त.) म्हणजे दोन-चार महिन्यांत एवढे दात बदलायचे! हिरड्या दुखतात, शिवशिवतात, आणि काहीतरी चावले की बरे वाटते. शिवाय पिलाला हात नसतात. नवी वस्तू कशी आहे हे ते तोंडानेच तपासते.

यावर उपायही साधे आहेत. ओला रुमाल गाठ मारून फ्रिजमध्ये गार करून द्यावा, टणक रबराचे खेळणे द्यावे. विजेच्या वायरी उंचावर बांधाव्यात, चपला कपाटात ठेवाव्यात. जुनी चप्पल मात्र खेळायला देऊ नये. जुनी कोणती आणि नवी कोणती, हा भेद पिलाला कळत नाही. शिजवलेली हाडेही देऊ नयेत, त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात.

जुलैपर्यंत दात आले आणि कुरतडणे थांबले.

मग चौकट

त्या वर्षी १५ ऑगस्टपासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना लोकलने प्रवास करता येऊ लागला. ४ ऑक्टोबरला मुंबईत आठवी ते बारावीच्या शाळा उघडल्या. आमची मुलगी नववीत. दीड वर्षाने ती शाळेत गेली, आम्ही दोघे कामावर गेलो, आणि दहा महिन्यांचा बंड्या जन्मात पहिल्यांदा घरात एकटा राहिला.

दुपारी मुलीने दार उघडले तेव्हा चौकटीचा भुसा पडला होता आणि फरशी लाळेने ओली झाली होती. संध्याकाळी मी घरी आले ती सरळ बंड्याला चौकटीजवळ घेऊन गेले आणि रागावले. त्याने कान पाडले, शेपूट पायांत घातली, नजर चुकवली.

“बघ, त्याला कळतंय आपण काय केलंय ते,” मी मुलीला म्हणाले.

आठवडाभर हेच चालले, आणि चौकटीची अवस्था रोज आणखी वाईट होत गेली. सोसायटीचे पत्र आले. “गावी कोणाला तरी देऊन टाकू या का?” असे घरात बोलणे सुरू झाले. मुलगी जेवेना.

एक दिवस खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला जिन्यात थांबवले. “अगं, तू त्याला रागावतेस ते ऐकू येतं मला. पण तुम्ही गेलात की तो भुंकत नाही गं, रडतो.”

त्या रात्री मी जुना मोबाइल पुस्तकांच्या फळीवर लावून ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या चित्रणात पहिली दोन मिनिटे बंड्या दाराकडे बघत उभा होता. मग येरझाऱ्या, धापा टाकणे, मग मान वर करून लांब हेल काढणे. अकराव्या मिनिटाला त्याने चौकटीला दात लावले. शेजारी रबराच्या पोकळ खेळण्यात भाकरीचे तुकडे भरून ठेवले होते, त्यांना त्याने नाकही लावले नाही.

दहा महिन्यांच्या कुत्र्याचे सगळे दात आलेले असतात. कंटाळलेला कुत्रा समोरची भाकरी सोडत नाही. हा प्राणी घाबरलेला होता आणि बाहेर पडायचा रस्ता शोधत होता.

‘अपराधी’ चेहरा

मग तो अपराधी चेहरा कसला? न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजमधील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली यावर एक सुटसुटीत प्रयोग प्रसिद्ध केला. १४ कुत्री होती. मालकाने खाऊला तोंड लावू नकोस असे बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही, हे मालकाला सांगितले जाई. पण काही वेळा मुद्दाम खोटे सांगितले जाई. म्हणजे काही निरपराध कुत्र्यांनाही बोलणी बसली. पाडलेले कान, चुकवलेली नजर हे सारे मोजले तेव्हा दिसले, की कुत्र्याने गुन्हा केला होता की नाही याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध नव्हता. संबंध होता तो मालकाच्या रागावण्याशी.

पाव्हलॉव्हचा प्रयोग आपण वर्गात शिकवतो. खूण आणि खाणे पाठोपाठ आले, तरच कुत्रा दोन्हींची सांगड घालतो. शिक्षेचेही तसेच आहे. कृती आणि परिणाम यांत एक-दोन सेकंदांहून जास्त अंतर पडले, तर कुत्र्याला ती जोडता येत नाहीत. सकाळी कुरतडलेल्या चौकटीबद्दल संध्याकाळी रागावले, तर त्याच्या लेखी ‘आई घरी येणे’ आणि ‘रागावणे’ यांची जोडी जुळते. मी बंड्याला जाण्याची धास्ती होतीच, तिच्यात येण्याची धास्ती मिळवून दिली होती.

ही धास्ती त्याच्या जातीच्या इतिहासातून येते. कुत्रा हा कळपातल्या लांडग्यांचा वंशज, आणि निदान चौदा-पंधरा हजार वर्षे तो माणसाच्या सोबतीने राहिला आहे. आपल्याकडे दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या काशाच्या रथातही बैल आणि सारथी यांच्यामध्ये, दांडीवर, एक कुत्रा उभा आहे! वाड्याच्या ओसरीवर किंवा शेताच्या बांधावर कुत्रा एकटा नसे, कोणी ना कोणी जवळपास असेच. आठ-दहा तास बंद दाराआड एकटे राहणे ही उपनगरातल्या फ्लॅटने त्याच्यावर आणलेली नवी गोष्ट आहे. ती त्याला शिकवावी लागते.

कारण ओळखा, मग उपाय

कुरतडलेली वस्तू एकच, पण कारणे वेगळी असू शकतात. वय सात महिन्यांच्या आत असेल तर आधी दातांचा विचार करावा. नुकसान घरभर विखुरलेले असेल, कुत्रा दिलेले खाणे खात असेल आणि मधूनमधून झोपत असेल, तर तो कंटाळा. त्याला सकाळी निघण्यापूर्वी भरपूर फिरवावे, हुंगू द्यावे. पावसाळ्यात फिरणे कमी झाले तर त्याचे खाणे घरातच लपवून शोधायला लावावे. (त्यात कांदा, चॉकलेट, द्राक्षे, मनुका नकोत; कुत्र्याला ती विषारी असतात.) पण नुकसान दार-खिडकीपाशीच असेल, आपण गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत सुरू होत असेल, जोडीला लाळ, रडणे, अन्न नाकारणे असेल, तर ती एकटे राहण्याची धास्ती समजावी.

धास्तीवर उपाय सावकाशीचा आहे. चाव्यांचा आवाज ही बंड्याला संकटाची खूण झाली होती. म्हणून आम्ही दिवसातून दहा वेळा चाव्या उचलायचो आणि कुठेही न जाता खुर्चीत बसायचो. चाव्यांचा अर्थ पुसट झाल्यावर दाराबाहेर पाच सेकंद, मग दहा, मग तीस. तो अस्वस्थ होण्याआधी परत यायचे, आणि गडबड झाली तर पुन्हा मागच्या पायरीवर जायचे. मधल्या काळात त्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटे ठेवायचे नाही, ही सर्वांत अवघड अट. ती आजींमुळे पाळता आली. आम्ही कामावर असू तेव्हा तो त्यांच्याकडे असे.

दिवाळीपर्यंत वीस मिनिटे झाली, फेब्रुवारीत तीन तास. चार तासांपुढे तो आजही जात नाही, म्हणून दुपारी आजींकडे जातो. कोंडून ठेवल्याने किंवा पिंजऱ्याने अशी भीती बऱ्याचदा वाढते, आणि सुटायच्या धडपडीत दात-नखे मोडतात. दुसरे कुत्रे आणूनही नेहमी भागत नाही, कारण त्याला माणूस हवा असतो. धास्ती तीव्र असेल तर पशुवैद्यकांकडे जावे. क्लोमिप्रामाइन हे औषध अमेरिकेत १९९८ पासून याच त्रासासाठी मान्य आहे, पण ते त्यांच्या सल्ल्यानेच आणि शिकवण्याच्या जोडीने द्यायचे. माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नयेत.

शिक्षकांसाठी यात एक चांगला प्रकल्प आहे. ज्या मुलांच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे, त्यांनी आठवडाभर वही ठेवावी: काय बिघडले, कुठे, किती वाजता, घरात कोण होते. ‘मस्ती’, ‘सूड’, ‘मुद्दाम’ हे शब्द वहीत लिहायचे नाहीत, फक्त दिसले तेवढेच लिहायचे. कारणाची चर्चा आठव्या दिवशी.

ही सवय लागली की ती प्राण्यांपुरती राहत नाही. वर्गात खाली मान घालून उभ्या असलेल्या मुलाला चूक कळली आहे, की तो फक्त आपल्या आवाजाला घाबरला आहे, हा प्रश्न मला बंड्यानंतर पडू लागला.