सगळं धरून किती?

सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची नव्वद मीटरची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. ती विमानाच्या वाटेत येते की नाही, यावर गावाने कित्येक वर्षं मोर्चे काढले, कोर्टकचेऱ्या केल्या, घराघरांत दोन तट पाडले. पुढे दोन वर्षांनी, ९ जून २०२५ ला, होटगी रोडच्या विमानतळावरून पुन्हा नियमित प्रवासी विमान उडालं. ते मुंबईला गेलं नाही, गोव्याला गेलं. मुंबईची सेवा त्याच वर्षी ऑक्टोबरात आली. आधी समुद्र, मग कामधंदा, हा क्रम मला तरी मनापासून आवडला.

समुद्र आपल्याला नवा नाही, पण लांबचा. पाणी बघायचं तर सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव, हिप्परगा, फार तर उजनीचं बॅकवॉटर. खऱ्या समुद्रासाठी सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची, नाहीतर विजयपूर-बेळगाववरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरायचं. दोन्हीकडे एक अख्खा दिवस किंवा अख्खी रात्र गाडीत जाते आणि घाटात कुणाला तरी उलटी होतेच. आता ट्रॅव्हल एजंटाच्या टेबलावर वेगळीच पत्रकं दिसू लागली आहेत : विमानाचं तिकीट, समुद्रकाठचं आलिशान रिसॉर्ट, नाश्ता, दोन्ही जेवणं, पोहण्याचा तलाव, मुलांसाठी किड्स क्लब, रात्री गाणीबजावणी. पत्रक बघितल्यावर आपल्याकडे एकच प्रश्न येतो, 'सगळं धरून किती?' जगभरच्या एका मोठ्या धंद्याचा पाया याच प्रश्नावर उभा आहे, म्हणून त्याची गोष्ट थोडी मुळापासून सांगतो.

इंग्लंडमध्ये बिली बटलिन नावाचा जत्रेत पाळणे आणि खेळ लावणारा माणूस होता. समुद्रकाठच्या गेस्ट हाउसांच्या मालकिणी पाहुण्यांना न्याहारीनंतर बाहेर काढत आणि संध्याकाळपर्यंत आत घेत नसत, मग पाऊस असो की वारा. मुलाबाळांना घेऊन भिजत हिंडणारी ती कुटुंबं त्याने पाहिली होती. १९३६ मध्ये त्याने स्केगनेसला हॉलिडे कॅम्प उघडला. राहायला छोटी खोली, तीन वेळचं जेवण आणि दिवसभराची करमणूक, सगळं एकाच किमतीत. 'आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी' हे त्याचं ब्रीद होतं. दोनच वर्षांत, १९३८ साली, ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा आला आणि कामगारांच्या हातात सुट्टी पडली. म्हणजे आज ज्याला आपण चैन म्हणतो, तिचा जन्म गिरणी-कारखान्यातल्या माणसासाठी झाला. गिरण्यांच्या भोंग्यावर वाढलेल्या सोलापूरला हे कळायला वेळ लागू नये.

दुसरा माणूस जेरार्ड ब्लिट्झ, बेल्जियमचा, वॉटर पोलो खेळणारा. महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती. १९५० मध्ये त्याने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून सुट्टीचं गाव वसवलं आणि त्याला नाव दिलं क्लब मेडिटेरानी. तंबू पुरवणारा जिल्बेर त्रिगानो पुढे या धंद्याचा खरा सूत्रधार झाला. इथे जेवण पैशात धरलेलं, खेळ धरलेले, दारू मात्र वेगळी. पोहण्याच्या कपड्यांना खिसा नसतो, म्हणून पाहुण्यांनी गळ्यात रंगीत मण्यांची माळ घालायची आणि बारवर एकेक मणी काढून द्यायचा, अशी युक्ती त्यांनी काढली. मणी देताना पैसे दिल्याचं दुःख होत नाही, हे त्या लोकांना तेव्हाच उमगलं होतं. आज रिसॉर्टमध्ये मनगटाला जो कागदी किंवा प्लास्टिकचा पट्टा बांधतात, तो मला त्या माळेचा नातू वाटतो.

पुढे जमैकात १९८१ साली बुच स्टुअर्टने मॉन्टेगो बे इथे सँडल्स हे रिसॉर्ट सुरू करून दारूसकट सगळंच एका किमतीत बसवलं. तिकडे मालदीवमध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट १९७२ चं. एका बेटावर एकच रिसॉर्ट, ही तिथली रीत. चहूकडे पाणी, शेजारी टपरी नाही की खानावळ नाही, तेव्हा पाहुण्याने जेवायला जायचं कुठे? अशा ठिकाणी 'सगळं धरून' ही मेहेरबानी नसते, गरज असते.

गोव्याचं आणि कोकणाचं तसं नाही, आणि आपला सगळा हिशेब इथेच बदलतो. गोव्यात रिसॉर्टच्या भिंतीबाहेर पडलात की शॅक आहेत, पावसाळ्याआधी मोडायचे आणि हंगामात परवान्याने पुन्हा उभारायचे. गल्लीत शितकढी देणारी घरगुती खानावळ आहे. मालवणात तर बांगड्याचं ताट आणि सोलकढी सोडून रिसॉर्टच्या बुफेतला पास्ता खाणाऱ्याला काय म्हणावं? त्यामुळे आपल्याकडे खऱ्या अर्थाने सगळं धरलेली रिसॉर्टं कमीच. इथे चालतात ते जेवणाचे 'प्लॅन', आणि एजंट ते इतक्या भराभर बोलतो की समोरचा नुसती मान हलवतो. ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी, ज्याला एजंट 'मॅप' म्हणतात, त्यात नाश्ता आणि एक जेवण, बहुधा रात्रीचं. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. चहा, सरबत, दारू, मधलं खाणं हे एपीत येतंच असं नाही. पत्रकावर 'ऑल मील्स' लिहिलंय म्हणून स्विमिंग पूलच्या काठी मुलाने तीन मिल्कशेक मागवले, की निघताना बिल हातात पडतं.

जेवणं मोजून घ्यावीत. खोली दुपारी दोन-तीनला मिळते आणि शेवटच्या दिवशी सकाळी दहा-अकराला सोडावी लागते. दोन रात्रींच्या एपीत दोन नाश्ते आणि चार जेवणं येतात. पहिल्या दिवशीचं दुपारचं जेवण त्यात आहे, की शेवटच्या दिवशीचं? दोन्हींपैकी एकच असतं. वॉटर स्पोर्ट्स, स्पा, खोलीतल्या फ्रिजमधल्या बाटल्या, खास वेगळं रेस्टॉरंट, कधीकधी मोठी कोळंबी, हे सगळं वेगळं. ख्रिसमस आणि ३१ डिसेंबरला अनेक ठिकाणी 'गाला डिनर' सक्तीचं असतं आणि त्याचे माणशी पैसे बुकिंगच्या रकमेत नसतात. मुलाचं वय किती असलं तर फुकट, किती झालं की जादा गादीचे पैसे, हे प्रत्येक हॉटेलात निराळं असतं. हे सगळं फोनवर विचारून भागत नाही, लेखी मागावं.

कराचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलात की १८ टक्के. ७,५०० च्या खोलीवर ३७५ रुपये कर, आणि ७,६०० च्या खोलीवर १,३६८. खोली शंभराने महाग, कर जवळजवळ हजाराने. या उंबरठ्याच्या जरा वरची खोली घेणं म्हणजे सरकारला फुकटचा आहेर. नोकरदारांचा आणखी एक गैरसमज असतो. रजा प्रवास सवलतीत, जुन्या करपद्धतीत आणि चार वर्षांच्या गटात दोनदा, आयकरातून सूट मिळते ती फक्त प्रवासभाड्याला. रिसॉर्टची खोली आणि जेवण त्यात येत नाही.

बुफेची रचना बारकाईने बघण्यासारखी असते. सुरुवातीला सूप, पाव, सॅलड, मग भात आणि नूडल्स. मासे आणि मटण लांब टोकाला, आणि तिथे बहुतेक वेळा वाढणारा उभा. ताट तिथपर्यंत पोचतं तेव्हा भरलेलं असतं. पोटाचं गणित हॉटेलवाल्याने आधीच केलेलं असतं. माणूस पहिल्या जेवणाला तुटून पडतो, दुसऱ्याला निम्मं खातो आणि तिसऱ्या दिवशी दहीभात शोधतो. 'पैसे भरलेत की, खा की बे!' म्हणून पोराच्या ताटात चौथा गुलाबजाम टाकणारे वडील मी पाहिले आहेत. आणि पंचतारांकित खोलीत पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी काढणाऱ्या आज्याही. त्या दोघांत आजी जास्त शहाणी.

तरीही या पद्धतीची बाजू घ्यायची ती एका कारणासाठी. तीन पिढ्या एकत्र निघाल्या की सुट्टीचा निम्मा जीव बिलावर जातो. भाऊ म्हणतो मी देतो, मेहुणा म्हणतो मी देतो, आत्या मनातल्या मनात हिशेब ठेवते. आजीला कांदा-लसूण चालत नाही, लहानग्याला तिखट चालत नाही, एकाला मासेच हवेत. एका छताखाली सगळं मिळालं आणि पैसे आधीच भरलेले असले, की ही कटकट संपते. घरातल्या बाईला तर तीन दिवस 'उद्या काय करायचं' हा प्रश्न पडत नाही. घरी वर्षभर तो दिवसातून दोनदा पडतो. ही चैन गालिच्यापेक्षा आणि झुंबरापेक्षा मोठी, आणि तिच्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही.

मराठी माणसाला ही सवय लावली ती मात्र रिसॉर्टांनी नाही, सहलीच्या कंपन्यांनी. केसरी १९८४ ची, वीणा वर्ल्ड २०१३ ची. एकदा पैसे भरा आणि परदेशातही वरणभात खा, हा विश्वास मध्यमवर्गाला तिथे मिळाला. त्याहून जुनं आणि आपलं असं रूप कोकणात आहे. 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी गणपतीपुळ्यापासून तारकर्लीपर्यंत दिसते. सिंधुदुर्गला १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर केलं, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने न्याहरी-निवास योजनेतून अशा घरांना नोंदणी दिली. सकाळी किती ताटं ते सांगायचं, दुपारी घावन किंवा भात, माशाची कढी, सोलकढी पानात. पैसे कमी आणि जाणारे थेट त्या घरात. तुमच्या घरातल्या बाईला जी सुट्टी मिळते, ती तिथल्या बाईच्या कष्टातून मिळते, हे लक्षात ठेवून ताटं वेळेत सांगावीत, एवढंच.

रिसॉर्टच्या भिंतीबाहेरच्या माणसाला काय मिळतं, हा प्रश्न जगभर पडला आहे. आफ्रिकेतल्या गाम्बियाने १९९९ मध्ये सगळं धरलेल्या पॅकेजवर बंदीच घातली होती, कारण पाहुणा गावात पाऊल टाकेना. सहल कंपन्यांच्या दबावापुढे ती फार टिकली नाही. क्लब मेडिटेरानी जिथे जन्मली त्या मायोर्कात २०२० पासून काही गजबजलेल्या भागांत अशा पॅकेजमध्ये माणशी दिवसाला सहाच पेले दारू देता येते, तीन दुपारी, तीन रात्री. फुकटची दारू पिऊन रस्त्यावर होणारा धिंगाणा तिथल्या लोकांना नकोसा झाला होता.

सोलापूरला मात्र या धंद्यातून थोडं काही परत येतं. आपल्या चादरीसारखंच सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि इथल्या मागांवरचा टॉवेल देशातल्या आणि परदेशातल्या हॉटेलांत जातो. टेरीच्या दोन्ही अंगांना धाग्याचे उभे फासे सोडलेले असतात, पाणी तेच शोषतात. पुढच्या वेळी पूलच्या काठी टॉवेल मिळाला की त्याची पट्टी उलटून बघा. अक्कलकोट रोडचा निघाला तर वेटरला सांगायला विसरू नका.

'प्रायव्हेट बीच' या शब्दांवर मात्र एक पैसाही जास्त देऊ नका. भारतात वाळू कुणाच्या मालकीची नसते. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत, आणि भरतीच्या रेषेपासून आत किती अंतरावर बांधायचं हे त्यात ठरलेलं आहे. गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट एका हॉटेलामुळे अडली, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २००९ मध्ये न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला आणि निसर्गसंपत्ती ही सरकारकडे असलेली जनतेची ठेव आहे, हे तत्त्व पुन्हा सांगितलं. रिसॉर्ट तुम्हाला आरामखुर्ची आणि छत्री विकू शकतं. समुद्र तुमचाच आहे, आणि शेजारच्या गावातल्या कोळ्याचाही.

आता पाण्यात उतरण्याबद्दल. आपली मुलं विहिरीत किंवा कालव्यात पोहायला शिकतात आणि समुद्रालाही तसंच समजतात. समुद्राचं पाणी ओढतं. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाजूला निघावं आणि मग परतावं. गोव्यात २००८ पासून नेमलेले जीवरक्षक असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहायचं आणि लाल झेंडा असला तर पाण्यात उतरायचंच नाही. कोकणातल्या सगळ्या किनाऱ्यांवर अशी सोय नाही. तिथे गावकरी 'नको' म्हणाला की नको.

माझा सल्ला विचाराल तर असा : बरोबर आजी आणि पाच वर्षांचा नातू असेल तर एपी घ्या, पण दोनच रात्री. दोघंच असाल तर सीपी पुरे, बाकीचं बाहेर खा. खिसा बेताचा असेल तर तारकर्लीचं घर गोव्याच्या रिसॉर्टला कुठेच कमी नाही. मे महिन्यातल्या उकाड्यात आणि जून ते सप्टेंबर खवळलेल्या समुद्रावर जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, आणि त्यातही डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडा. त्या आठवड्यात तीच खोली, तोच बुफे आणि तोच समुद्र कितीतरी जास्त पैशांना मिळतो.