मुलांच्या मनावरचा केवडा



उसाच्या पानावर केवडा दिसला, की आपण फड वाळायची वाट पाहत नाही. हिराकस आणून फवारणी करतो. पण चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा कोमेजला, तर म्हणतो, "अंगात आळस भरलाय, दुसरं काय!" मुलगी अबोल झाली, तर म्हणतो, "शहाणी झाली."

नैराश्याचे निदान करताना डॉक्टर 9 लक्षणे पाहतात : उदास मन, कशातच गोडी न वाटणे, भूक बिघडणे, झोप बिघडणे, थकवा, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थता, स्वतःला कमी लेखणे, चित्त न लागणे आणि मरणाचे विचार. पहिल्या दोहोंपैकी एक धरून किमान 5 लक्षणे दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली व रोजच्या जगण्यात अडथळा आला, तर आजाराचे नाव पडते.

मग ज्याला तीनच लक्षणे आहेत, त्याचे काय? नाव पडले नाही म्हणून त्रास नाही, असे नव्हे. अशी पुष्कळ मुले आपोआप सावरतात. पण पुढे पूर्ण आजार जडण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा जास्त असतो. शिवाय या वयात उदासी रडूनच दिसते असे नाही, ती चिडचिडीतूनही बाहेर पडते. 'उद्धट झालाय' म्हणून ज्याला रट्टे बसतात, तो आतून खचलेला असू शकतो.

या अवस्थेत बहुधा गोळ्या लागत नाहीत. समुपदेशन, वेळेवर झोप, खेळ आणि घरातले बोलणे यांचा उपयोग होतो. तोडीची धांदल असली तरी मुलाला जवळ बसवून विचारा, "काय होतंय रं बाळा?" आणि मग आपण गप्प राहून ऐका. मार्कांचा हिशेब आणि शेजारच्या पोराशी तुलना त्या वेळी नको.

दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर सरकारी रुग्णालयातील किशोरवयीनांच्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही सरकारी सेवा सुरू आहे. 14416 वर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते.

मरणाची भाषा कानावर आली, तर एक दिवसही थांबू नका आणि मुलाला एकटे सोडू नका. आमची आणखी एक कळकळीची विनंती : घरात, गोठ्यात उघडी पडलेली फवारणीची औषधे आजच कुलपात ठेवा. त्यासाठी कोणाच्या निदानाची वाट पाहायला नको.

— संपादक मंडळ