कंपनीची गाडी घेताना

कंपनी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिरोलीचे किंवा गोकुळ शिरगावचे कारखाने येतात. मोठे फाटक, भोंगा, पाळीवर जाणारे कामगार. पण आता कंपनी खेड्यातही आली आहे. दहा शेतकरी एकत्र आले, तर त्यांना आपली कंपनी काढता येते. तिला शेतकरी उत्पादक कंपनी म्हणतात. २००२ च्या कायद्याने ही सोय झाली. अशी कंपनी सभासदांचा गूळ, भात, भाजीपाला एकत्र करते आणि विकते.

कंपनी दोन-तीन वर्षे चालली, की सभेत एक विषय निघतोच. कोणीतरी उठतो आणि म्हणतो, "आता कंपनीला एक गाडी पाहिजे."

मागणी चुकीची नाही. गाव गगनबावड्याकडे असेल, तर पावसात मोटारसायकलवर कागदपत्रे भिजतात. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर पडते. एस.टी.ने जाऊन बँकेचे, बाजार समितीचे आणि सरकारी ऑफिसचे काम एका दिवसात होत नाही. पण गाडी घ्यायची कोणाच्या पैशाने? समजा, ३०० सभासद आहेत आणि प्रत्येकाने १,००० रुपयांचा भाग घेतला आहे. तीन लाख रुपये झाले. त्यात कोणाच्या उसाच्या बिलाचे पैसे आहेत, कोणाच्या म्हशीच्या दुधाचे आहेत. म्हणून गाडी निवडताना घाई करू नये. शोरूमचे दार दिसण्याआधी घरी बसून थोडा हिशेब करावा.

पहिला प्रश्न असा. गाडीत काय बसणार? माल की माणसे?

याचे उत्तर तोंडाने देऊ नका. एक महिना वहीत लिहा. कोण कुठे गेले, किती किलोमीटर, बरोबर काय नेले. महिन्याअखेर वही वाचली की गाडी कसली पाहिजे ते कळते. गुळाचे रवे शाहू मार्केट यार्डात न्यायचे असतील, तर मोटार काय कामाची? तिथे छोटा टेम्पोच पाहिजे. टाटा कंपनीने २००५ साली 'एस' नावाचा लहान टेम्पो आणला. लोकांनी त्याला 'छोटा हत्ती' हे नाव दिले. तेव्हापासून अशा लहान मालगाड्या बऱ्याच कंपन्यांनी काढल्या आहेत. त्या पिवळ्या पाटीवर चालतात. त्यांचे ठरावीक मुदतीने पासिंग करावे लागते. तो खर्च आणि तो दिवस हिशेबात धरावा.

पांढऱ्या पाटीची मोटार माणसांसाठी असते. तीत गुळाचा एखादा नमुना नेला तर हरकत नाही. पण सीट पाडून पोती भरली, किंवा भाडे घेऊन माणसे बसवली, आणि वाटेत अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. मग नुकसानभरपाई कंपनीच्या, म्हणजे सभासदांच्या गळ्यात पडते. महिन्यातून चारच वेळा माल न्यायचा असेल, तर तेवढ्यापुरता टेम्पो भाड्याने घ्यावा. तेच स्वस्त पडते.

आता समजा, वही सांगते की माणसांसाठीच गाडी हवी. दोघे-तिघे बसणार. बँक, यार्ड, शेतावरची पाहणी, कधी पुणे. मग लहान मोटार पुरे.

लहान मोटार कशाला म्हणायचे, हे सरकारने ठरवले आहे. लांबी चार मीटरच्या आत पाहिजे. पेट्रोलचे इंजिन १,२०० सीसीच्या आत पाहिजे. अशा गाडीवर कर कमी असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. म्हणून चार मीटरची रेघ ओलांडू नये. गाडी चार बोटे लांब झाली, तर खिसा चार हात फाटतो.

लहान मोटारीचे वेड आपल्या जिल्ह्याला जुनेच आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः बनवली होती. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी करायची, एवढाच त्यांचा ध्यास होता. ती कारखान्यात मोठ्या प्रमाणावर कधी निघाली नाही. पुढे १९८३ साली मारुती ८०० आली आणि लहान मोटार घराघरांत गेली. २००८ साली टाटांनी नॅनो दाखवली. तिचा फार गाजावाजा झाला. पण तिला 'सगळ्यात स्वस्त' हे बिरूद चिकटले आणि तेच तिला नडले. २०१८ साली ती बंद झाली.

आता पैशाकडे वळू. शोरूममध्ये जी किंमत सांगतात, ती पुरी किंमत नसते. तिच्यावर आरटीओचा कर, विमा आणि किरकोळ खर्च चढतो. गाडी रस्त्यावर येईपर्यंतची किंमत वेगळी असते. विक्रेत्याला तीच विचारावी. कागदावर लिहून मागावी. त्यात कुठले जादा सामान घातले आहे तेही बघावे. सीटची कव्हरे, पायपुसणी, चकचकीत पट्ट्या हे बाहेर स्वस्त मिळते.

इथे एक मोठी खोच आहे. ती नीट समजून घ्या.

महाराष्ट्रात पांढऱ्या पाटीची मोटार कंपनीच्या नावावर घेतली, तर एकरकमी कर एखाद्या माणसाच्या नावापेक्षा बराच जास्त पडतो. हे कळले की सभेत लगेच कोणीतरी म्हणतो, "मग अध्यक्षांच्या नावावर घ्या की! कर वाचतोय. अध्यक्ष काय परके हाईत व्हय?"

अध्यक्ष परके नाहीत. ते भले गृहस्थ असतील. पण आर.सी. बुकावर ज्याचे नाव, त्याची गाडी. कायदा तसेच बघतो. उद्या निवडणूक झाली आणि अध्यक्ष बदलले, तर गाडी कोणाच्या दारात उभी राहणार? अध्यक्षांचे बरेवाईट झाले, तर गाडीवर वारस हक्क सांगणार. त्यांचे घरचे कर्ज थकले, तर वसुलीवाला गाडीवर बोट ठेवणार. गाडी चोरीला गेली, तर विम्याचा पैसा त्यांच्या नावाने येणार. कंपनीच्या हिशेबात गाडी मालमत्ता म्हणून दाखवता येणार नाही. हिशेब तपासणारा विचारील, "पैसे गेले, गाडी कुठं आहे?"

आणि यात अध्यक्षांचेही भले नाही. कंपनीच्या कामाला गेलेल्या गाडीने कोणाला ठोकरले, तर कोर्टाचा कागद त्यांच्या घरी येतो. गाडी चालवणारा दुसराच असला तरी येतो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. कराचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण गाडी कंपनीच्याच नावावर घ्यावी. तो कर परवडत नसेल, तर गाडी एक पायरी लहान घ्यावी. आधी संचालक मंडळाचा ठराव करावा. कोणती गाडी, किती रकमेपर्यंत, कागदांवर सही कोणाची, हे सारे ठरावात लिहावे.

कर्जाचेही बघा. गाडी पाच लाखांची आहे. एक लाख रोख भरले. चार लाखांचे कर्ज काढले, दहा टक्के व्याजाने, पाच वर्षांचे. महिन्याचा हप्ता सुमारे ८,५०० रुपये बसतो. असे ६० हप्ते, म्हणजे ५ लाख १० हजार. चार लाख घेतले आणि वर एक लाख दहा हजार दिले. विक्रेता फक्त हप्ता सांगतो. तो सात वर्षांचा केला की लहान दिसतो, पण व्याज वाढते. कर्ज फिटल्यावर बँकेकडून ना-हरकत दाखला घ्यावा आणि आर.सी. बुकावरचा बँकेचा बोजा उतरवून घ्यावा. पुष्कळ लोक हे विसरतात. मग गाडी विकायच्या वेळी धावाधाव होते.

पेट्रोल घ्यावे की सीएनजी? याचा हिशेब सोपा आहे. पाटीवर करता येईल. समजा, पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि ॲव्हरेज २० किलोमीटर. एका किलोमीटरला ५ रुपये पडले. सीएनजी किलोला ९० रुपये आणि ॲव्हरेज २५. किलोमीटरला ३ रुपये ६० पैसे पडले. किलोमीटरमागे १ रुपया ४० पैसे वाचले. पण सीएनजीची गाडी समजा ९० हजारांनी महाग आहे. महिन्याला १,५०० किलोमीटर गाडी फिरत असेल, तर महिन्याला २,१०० रुपये वाचतात. ९० हजार भरून यायला साडेतीन वर्षांहून थोडे जास्त लागते. घ्यायला हरकत नाही. पण गाडी महिन्याला ५०० किलोमीटरच फिरत असेल, तर वाचतात फक्त ७०० रुपये. ते भरून यायला दहा वर्षांच्या वर जातात! आजचे भाव घालून तुम्ही हाच हिशेब पुन्हा करा. शिवाय गॅसची टाकी डिकीतली जागा खाते. तिची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते. आणि पंप तुमच्या वाटेवर आहे का, हेही आधी बघा.

विजेच्या गाडीला किलोमीटरमागे खर्च सर्वांत कमी येतो. पण ती घेताना किंमत जास्त पडते. गावात रात्री वीज टिकते का, यावर सारे आहे. रोजची फेरी ठरलेली असेल, तर तिचा विचार जरूर करावा.

बजेट फारच कमी असेल, तर जुनी गाडी. त्यात कमीपणा काही नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत गाडीची किंमत झपाट्याने उतरते. ती घट पहिल्या मालकाने सोसलेली असते.

पण आपल्याकडे एक धोका आहे. महापुराचा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात शिरले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. शिरोळ तालुका आणि सांगली पाण्यात होती. त्या पाण्यात पुष्कळ गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन, पुसून, रंग देऊन उभी करता येते. दिसायला नवरीसारखी दिसते. पण तिच्या तारांत आणि सांध्यांत गंज शिरलेला असतो. तो वर्षा-दोन वर्षांनी बाहेर येतो.

ती कशी ओळखावी? काचा बंद करून आत बसा आणि वास घ्या. कोंदट वास आला, किंवा अत्तराचा उगीच घमघमाट असला, तर संशय घ्या. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. जिथपर्यंत पाणी चढले, तिथे पट्ट्यावर मळकट रेघ राहते. पट्टा पुसायचे कोणाच्या ध्यानात येत नाही. स्टेपनी उचला आणि खालच्या खोलगट जागेत बोट फिरवा. बारीक गाळ लागतो का? सीटखालच्या लोखंडी पट्ट्या गंजल्या आहेत का? पुढच्या दिव्यांच्या काचेत आतून दव आहे का? एवढे झाले, की ओळखीच्या मेस्त्रीला बरोबर न्या. उद्यमनगरात इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारे मेस्त्री आहेत. त्याला त्याची मजुरी द्या. गाडी विकणाऱ्याने आणलेला मेस्त्री नको.

जुन्या गाडीचे कागदही वाचा. आता वाचता येते, तर स्वतः वाचा. आर.सी. बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. बँकेचा बोजा आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, विमा चालू आहे का, बघा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. "नाव नंतर करू," असे म्हणणाऱ्याला पुरे पैसे देऊ नका. जुनी डिझेल गाडी फार स्वस्त मिळाली म्हणून भुलू नका. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले. तेव्हापासून लहान डिझेल मोटारी बहुतेक बंदच झाल्या.

रंग, टेपरेकॉर्डर, चाकांची चकाकी यांवर आम्ही काही सांगत नाही. गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे ते मात्र बघा. आपल्या पाणंदीतून ती गेली पाहिजे. दुरुस्तीचे ऑफिस जवळ पाहिजे आणि सुटे भाग कोल्हापुरात मिळाले पाहिजेत. हवेच्या पिशव्या किती आहेत ते विचारा. अपघातात त्या फुगतात आणि जीव वाचतो. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्या देशात गाड्या आपटून तपासतात आणि त्यांना तारे देतात. पाच तारे सर्वांत चांगले. दोन गाड्यांत फार फरक नसेल, तर जास्त तारे असलेली घ्या.

गाडी आली. पूजा झाली. पेढे वाटले. आता तिला एक वही करा. रोज निघताना काट्यावरचे किलोमीटर लिहायचे, आल्यावर पुन्हा लिहायचे. कोण गेले, कशासाठी गेले, इंधन किती भरले, खाली सही. अध्यक्षांनीही सही करायची. संचालकाच्या मेहुण्याच्या लग्नाला गाडी गेली, तर तेही लिहायचे आणि किलोमीटरप्रमाणे पैसे भरायचे. दर महिन्याच्या सभेत वही वाचून दाखवायची. वही ऑफिसच्या कपाटात नको, गाडीतच ठेवा. आणि पेनाला दोरी बांधा, नाहीतर पेन पहिल्याच आठवड्यात नाहीसे होते.