दुधातील बुरशीजन्य विष आणि त्याचा चुंबकीय शोध

आयुर्वेदाने दूध हे जीवनीय व रसायन मानले असून बालक, क्षीण रुग्ण व वृद्ध यांच्या पथ्यात त्यास अग्रस्थान दिले आहे. कोल्हापूर जिल्ह्यात १९६३ साली जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाल्यापासून दुग्धव्यवसाय घरोघरी रुजला. ज्या द्रव्याची आपण नित्य योजना करतो, त्याची शुद्धी कशी पारखली जाते हे वैद्याने जाणून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात दुधातील अफ्लाटॉक्सिन या विषाचा, तसेच ते शोधण्याच्या एका नव्या पद्धतीचा परिचय करून देण्याचा हेतू आहे.

विषाचा मार्ग

भुईमूग व सरकीची पेंड, मका इत्यादी पशुखाद्य दमट जागी साठविल्यास त्यावर विशिष्ट जातीची बुरशी वाढते व अफ्लाटॉक्सिन बी-१ हे विष निर्माण करते. आपल्याकडील पर्जन्यकाळ या वाढीस अनुकूलच असतो. असे खाद्य जनावराने खाल्ले की त्याच्या यकृतात बी-१ चा काही अंश एम-१ या रूपात पालटतो आणि दुधावाटे बाहेर पडतो. त्यामुळे दुधाचा वर्ण, गंध वा चव बदलत नाही. दूध उकळल्यानेही हे विष नाहीसे होत नाही. ते केसिन या प्रथिनाशी बद्ध होत असल्याने पनीरमध्ये त्याचे प्रमाण दुधापेक्षा अधिक आढळते.

अफ्लाटॉक्सिन यकृतास घातक व कर्करोगकारक आहे. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमाभागात बुरशीयुक्त मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. दुधातील अंश इतका तीव्र नसतो. तथापि, ज्या बालकाचा आहार मुख्यत्वे दूधच आहे, त्याच्या शरीरात तो दररोज जात राहतो. म्हणून भारतीय मानकांनुसार दुधात एम-१ चे प्रमाण किलोस ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. याचा अर्थ दोनशे कोटी भागांत एक भाग. युरोपातील मर्यादा याच्या दशांश, म्हणजे ०.०५ मायक्रोग्रॅम आहे.

रेणूचा साचा

एवढा सूक्ष्म अंश स्निग्धांश व प्रथिनांनी भरलेल्या दुधातून वेगळा काढणे हीच खरी अडचण होय. त्यासाठी प्रतिपिंडयुक्त स्तंभ वापरतात. परंतु ते महाग असतात, थंड जागी जपावे लागतात व बहुधा एकदाच उपयोगी पडतात.

यावर रेणु-मुद्रित बहुवारिकांचा पर्याय पुढे आला. १९७२ मध्ये जर्मनीत वुल्फ व सरहान यांनी या कल्पनेस आरंभ केला आणि पुढे स्वीडनमध्ये मोसबाख यांनी ती विस्तारली. मूर्तिकार मूर्तीभोवती साचा घडवितो व नंतर मूर्ती काढून घेतो, तद्वत इष्ट रेणूभोवती बहुवारिक घडवून तो रेणू धुऊन काढतात. मागे राहिलेल्या पोकळीत त्याच आकाराचा व त्याच रासायनिक स्वभावाचा रेणू पुन्हा बसतो. अफ्लाटॉक्सिन स्वतः विषारी व महाग असल्याने साच्यासाठी ५,७-डायमेथॉक्सिकुमारिन हा त्याच्याशी साम्य असलेला रेणू वापरता येतो.

हे बहुवारिक लोहाच्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर चढविले की चुंबकीय पद्धती सिद्ध होते. दुधातील स्निग्धांश व प्रथिने काढून उरलेल्या द्रवात हे कण टाकून हलवितात. विष पोकळ्यांत अडकते. मग पात्राच्या बाहेरून चुंबक धरला की सर्व कण एका बाजूस गोळा होतात आणि द्रव ओतून देता येतो. चुंबक दूर केला की कण पुन्हा सुटे होतात. पुढे कणांवरील विष योग्य द्रावकाने सोडवून द्रव-वर्णलेखन यंत्राने त्याचे मापन करतात. कण धुऊन अनेकदा वापरता येतात.

मर्यादा

चुंबक येथे केवळ गोळा करण्याचे काम करतो. रेणूची ओळख पोकळी पटविते आणि मापन यंत्र करते. साम्य असलेले अन्य रेणूही पोकळीत शिरू शकतात, त्यामुळे अखेरचे मापन टळत नाही. ज्या विषासाठी साचा घडविला त्याचाच हा शोध आहे. दुधातील पाणी, युरिया वा प्रतिजैविकांचे अंश यांविषयी तो काहीही सांगत नाही. ही पद्धती अद्याप मुख्यत्वे संशोधनशाळांतच वापरली जाते.

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात अन्नपानरक्षणाचा स्वतंत्र विचार करून अग्नी व पशुपक्ष्यांच्या साहाय्याने सविष अन्न ओळखण्याची लक्षणे दिली आहेत. इंद्रियांना न कळणारे विष बाह्य साधनाने ओळखावे, हा विचार आपल्या शास्त्रास परका नाही. मात्र शोधापेक्षा प्रतिबंध श्रेष्ठ होय. आपल्याकडे येणाऱ्या पशुपालक रुग्णांस पेंड कोरड्या व उंच जागी ठेवण्यास आणि बुरशी आलेले खाद्य जनावरांस न घालण्यास आवर्जून सांगावे. गोठ्यात घेतलेली ही दक्षता बालकाच्या पेल्यापर्यंत पोहोचते.