रस्त्याचं शास्त्र : गाडीची पाठ कुठं असते?

दुभाजकांतल्या फटींचा विषय गेल्या आठवड्यात अर्धवट राहिला. आज तो पुरा करणार होतो, पण शिरोळकडच्या एका वाचकांचा प्रश्न डोक्यातून जाईना. ते विचारतात, "गाडीला रिफ्लेक्टर होता, तरी मागून टेम्पो घुसलाच. मग लावून उपयोग काय?" फटी आठवडाभर थांबतील. उसाच्या बैलगाड्या थांबणार नाहीत, हंगाम तोंडावर आलाय.

उत्तर फडात मिळतं, गाडी भरताना. हंगामाच्या सुरुवातीला पोलीस, आरटीओ, कारखान्याची माणसं मिळून पट्ट्या चिकटवतात, त्या साटीच्या मागच्या फळीवर. गाडी तेव्हा रिकामी असते. मग मोळ्या चढतात, ऊस मागं हात-दीड हात बाहेर येतो, त्यावर बैलांसाठी वाढ्याच्या पेंढ्या लोंबतात. पट्टी गेली आत. भरलेल्या गाडीची पाठ म्हणजे फळी नव्हे, शेवटच्या उसाचं टोक. आणि त्या टोकावर असतं वाळकं पाचट, जे हेडलाइटचा उजेड नुसता गिळतं.

आता जरा हिशेब. ताशी ६० किलोमीटरनं येणारा ट्रक सेकंदाला सुमारे १७ मीटर कापतो. बैलगाडी जेमतेम एक मीटर. समोरून गाडी येतेय म्हणून ड्रायव्हरनं डिपर मारला, की त्याला स्वच्छ दिसणार चाळीस-पन्नास मीटर, म्हणजे हातात सेकंद तीन. दीड-दोन सेकंद तर "हे काय आहे" एवढं कळण्यात जातात. उरलेल्या अंतरात भरलेला ट्रक थांबत नाही, ब्रेक कितीही नवे असोत. पट्टी उघडी असती तर तीच गाडी दीडशे-दोनशे मीटरवरून चमकली असती. समोरून येणाऱ्याला निदान बैलांचे डोळे चमकताना दिसतात. मागून येणाऱ्याच्या नशिबी तेही नाही.

पण नुसतं चमकून भागत नाही, हा माझा जुना हट्ट. लाल ठिपका दिसला की ड्रायव्हर समजतो, पुढं मोटार आहे आणि ती आपल्यासारखीच पळतेय. तो पाय काढत नाही. "मी आहे" याच्या जोडीला "मी हळू आहे" हेही कळायला हवं. अमेरिकेत हा प्रश्न ट्रॅक्टरमुळं आला. ओहायो स्टेट विद्यापीठात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर एक त्रिकोण तयार झाला : मधे दिवसा डोळ्यांत भरणारा नारिंगी रंग, कडेला रात्री चमकणारी लाल पट्टी. ताशी २५ मैलांहून हळू चालणाऱ्या वाहनाची ही खूण. पुढं ती आमिश या मोटारी टाळणाऱ्या ख्रिस्ती समाजाच्या घोडागाड्यांवरही आली. त्यांच्यातल्या काही कर्मठ पंथांना मात्र हा भडक रंग धर्माविरुद्ध वाटला. मिनेसोटात भांडण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९० साली ते जिंकले. केंटकीत २०११ मध्ये दंड न भरता काही जण तुरुंगात गेले. पुढच्याच वर्षी तिथं कायदा बदलला, त्रिकोणाऐवजी रुपेरी पट्ट्या चालतील असं ठरलं. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, पण माझं मत त्रिकोणाच्या बाजूनं. रुपेरी पट्टी कंटेनरवरही असते.

आपल्याकडं जुने गाडीवान आखाखाली कंदील टांगायचे. उजेड बेताचा, पण जागा अचूक : बोजा कितीही मागं आला तरी खालून दिसायचा. शिवाय तो झुलायचा. झुलणारा दिवा म्हणजे बैलगाडी, हे पोराटोरालाही ठाऊक. लोखंडी धावेची चाकं जाऊन टायर आले, गाडीत दोन-तीन टन ऊस मावायला लागला, आणि कंदील तेवढा गेला.

म्हणून शिरोळच्या वाचकांना उत्तर : पट्टी फळीवर नको, पाटीवर लावा. वीतभर रुंद पत्र्याचा तुकडा, त्यावर लाल-पिवळी चमकती पट्टी, दोन्ही टोकांना भोकं. बोजा आवळायचा नाडा त्या भोकांतून ओवायचा, म्हणजे भरलेल्या गाडीत पाटी उसाच्या टोकावर येते आणि रिकाम्या गाडीत फळीवर. पेंढ्या पाटीच्या वर, खाली नाहीत. सायकलला लावतात तो उघडझाप करणारा लाल दिवा आखाखाली अडकवला, तर कंदिलाचंही काम झालं.

कारखान्यांनाही एक सांगणं आहे. पट्ट्यांचा समारंभ वर्षातून एकदा होतो, गाडी मात्र प्रत्येक खेपेला काट्यावर येते. पाटी तिथं बघा. मळली असेल तर पुसून, तुटली असेल तर नवी बांधूनच गाडी बाहेर सोडा. कसबा बावड्याचा राजाराम कारखाना तर कोल्हापूर शहराच्या अंगालाच आहे. तिथल्या रस्त्यावर टायरगाड्या, केएमटीच्या बस आणि क्लासहून परतणारी पोरं एकत्र चालतात.

आणि ज्यांचा ऊस यंदा तुटणार आहे, त्यांनी कारखान्याची वाट बघू नये. बीडकडून आलेल्या गाडीवानाला इथला रस्ता नवा असतो, पाटीचा खर्च त्याच्या खिशातून जायला नको. पहिली मोळी चढायच्या आत ती तुम्ही बांधा. फटींचं पुढच्या आठवड्यात.