कराओकेला कोणतं गाणं घ्यावं?

टोकियोत पहिल्यांदा कराओकेला गेलो, तेव्हा हौसेनं योआसोबीचं ‘योरु नि काकेरु’ (२०१९) निवडलं. शब्दांची ही गर्दी, पट्टी उंच, श्वास घ्यायला जागाच नाही. पहिल्याच कडव्यात दम लागला. जपानी सहकारी टाळ्या वाजवत राहिले, त्यानं तर मी जास्तच ओशाळलो.

पुढच्या वेळी क्यू साकामोतो यांचं १९६१ सालचं ‘उए ओ मुइते आरुको’ घेतलं. अमेरिकेत हेच गाणं १९६३ मध्ये ‘सुकियाकी’ नावानं पहिल्या क्रमांकावर गेलं. सुकियाकी हा मांस-भाज्यांचा पदार्थ. गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही! सुरुवातीच्या ओळीत मध्यम-निषाद नाहीत, म्हणजे आपल्या भूपाचेच पाच स्वर. चौथा आणि सातवा स्वर गाळलेल्या या सप्तकाला जपानीत ‘योनानुकी’ म्हणतात. शिवाय बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एक स्वर, त्यामुळे जपानी कच्चं असलं तरी जीभ अडत नाही. सेन मासाओ यांचं ‘कितागुनी नो हारु’ (१९७७) याच जातीचं.

पट्टी झेपत नसेल तर यंत्रावरचं बटण दाबून खुशाल खाली उतरवा. त्यात कमीपणा नाही. साकामोतोंच्या गाण्यात मधल्या ओळींना चाल भूप सोडून जाते. तिथं मी अजूनही अडखळतो.